मनी पोर कशी व्हती

धुळ्याच्या मुलींच्या शाळेत मी इंग्रजी शिकवायला लागले, तेव्हा देश स्वतंत्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी मूळची एरंडोलची. पुण्याला बी. ए. झाले आणि धुळ्यात मावशीकडे, गल्ली नंबर चारमध्ये राहून नोकरी धरली. सरकारने खालच्या वर्गांतलं इंग्रजी काढून टाकलं होतं, त्यामुळे आठवीच्या मुली माझ्याकडे यायच्या त्या अगदी कोऱ्या पाटीच्या. वकिलाची मुलगी असो की शेतकऱ्याची, इंग्रजीत सगळ्या सारख्याच अडाणी. मला ते फार बरं वाटायचं.

त्या वर्षी शेवटच्या बाकावर दोघी बसायच्या. एक पांझरेकाठच्या एका खेड्यातली. तिच्या गावातून हायस्कुलात आलेली ती पहिलीच मुलगी. वडील बाजाराला येणाऱ्या गाडीतून तिला सोडायचे, नाहीतर ती चालत यायची. अंगाने दणकट, बोलणं ठसठशीत अहिराणी. ती वर्गात तोंड उघडायची की शहरातल्या मुली पदर तोंडाला लावून हसायच्या. दुसरी सिंधी. कराचीहून बोटीने आलेली, मग कुठल्याशा छावणीत राहून आईवडिलांबरोबर धुळ्याला पोचलेली. तिला मराठी येत नव्हतं, लिहायची सवय उजवीकडून डावीकडे. ती बोलतच नसे. हजेरीला फक्त हात वर करायची.

विशेषणांचा धडा आला तेव्हा मी पुस्तकाप्रमाणे शिकवला. फॅट मॅन, थिन मॅन, लेम बॉय, डर्टी शर्ट. मुलींना हा धडा इतर कुठल्याही धड्यापेक्षा लवकर पाठ झाला, याचं मला कौतुक वाटलं. मधल्या सुट्टीनंतर कारण कळलं. शब्द हातात येताच मुलींनी ते एकमेकींना चिकटवायला सुरुवात केली होती.

त्या दिवशी सिंधी मुलगी शिक्षकांच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. माझ्याशी ती पहिल्यांदा बोलली ती तेव्हा. मोडक्या हिंदीत तिने विचारलं, "बाईजी, डर्टी माने?"

वर्गात मी तो शब्द सांगितला होता, पण मराठीतून. तिच्यापर्यंत तो पोचलाच नव्हता. मी तिला हिंदीत अर्थ सांगितला. तिने स्वतःच्या फ्रॉककडे पाहिलं. विटलेला होता, पण स्वच्छ धुतलेला. तिने मान हलवली आणि परत गेली. रडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं.

त्यानंतर मी शनिवारचा शेवटचा तास वेगळा काढला. मुख्याध्यापिकाबाईंना ते फारसं पसंत नव्हतं. व्याकरण मागे पडेल, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, व्याकरणच शिकवते आहे. नियम एवढाच, की दुसरीला विशेषण लावायचं असेल तर आधी स्वतःला लावायचं. आज मी कशी आहे, ते एका शब्दात सांगायचं. मगच बाकावरच्या शेजारणीबद्दल एक शब्द, आणि तो का लावला तेही सांगायचं, मराठीत चालेल, घरच्या बोलीत चालेल. डोळ्यांना दिसणारा शब्द नको. जाडी, काळी, बुटकी हे नको. ती वागते कशी, ते हवं.

सुरुवातीला सगळ्या हॅपी होत्या. ओळीने उभ्या राहायच्या आणि हॅपी म्हणून बसायच्या. मग मी फळ्यावर आणखी शब्द लिहीत गेले. अफ्रेड. अशेम्ड. टायर्ड. जेलस. प्रत्येक शब्दाला मी घरातलं, गल्लीतलं उदाहरण मागायची. जेलसचा अर्थ कळल्यावर एकीने स्वतःच्या धाकट्या बहिणीचं नाव घेतलं आणि खाली बसली.

लोन्ली हा शब्द कुणालाच सांगता येईना. एकटी, असं एकीने सांगितलं. मी म्हटलं, मी रोज खोलीत एकटीच बसून वह्या तपासते, मग मी लोन्ली का? तेव्हा शेवटच्या बाकावरची खेड्यातली मुलगी उठली. कापूस वेचून झाल्यावर बायका निघून जातात आणि ढिगाजवळ राखणीला आपल्याला बसवतात, तेव्हाचं ती सांगत होती. "बठ्ठा घर चालना गयात," ती म्हणाली, "आनि मी एकलीच वावरमा शे."

मुली हसल्या. मी फळ्यावर लिहिलं, आय ॲम लोन्ली, आणि त्याखाली लिहिलं, मी एकली शे. शाळेच्या फळ्यावर अहिराणी त्याआधी कुणी लिहिली नसावी. हसणं थांबलं. ती मुलगी मात्र उभीच राहिली, आपण काही चुकलो की काय अशा चेहऱ्याने. मी तिला बस म्हणून सांगितलं.

तेव्हा तिच्या शेजारची उठली. तिची पाळी नव्हती. तिने फळ्याकडे पाहत, शब्द जुळवत म्हटलं, "माय ब्रदर इज स्मॉल."

वर्गात तिने उच्चारलेलं ते पहिलं वाक्य. मला इतका आनंद झाला की भाऊ कोणत्या इयत्तेत आहे असं मी विचारणार होते. पण खेड्यातल्या मुलीने तिचा हात धरला होता आणि माझ्याकडे पाहून ती नकारार्थी मान हलवत होती. नंतर मला कळलं, की भाऊ छावणीतच तापाने गेला होता. या दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी हे एकीने दुसरीला कधीतरी सांगितलं होतं आणि दुसरीला ते समजलं होतं.

हिवाळाभर त्या दोघी बरोबर दिसायच्या. शाळेच्या माठावर सिंधी मुलीला इतर मुली फुलपात्र देत नसत. खेड्यातली ही आपल्या हाताने भरून द्यायची आणि मग त्याच फुलपात्रातून, सगळ्यांच्या देखत, स्वतः प्यायची. ज्वारी-उडदाच्या पिठाची कळण्याची भाकरी अर्धी तिला द्यायची. ती ठेच्याने हैराण व्हायची आणि ही बघत बसायची. शनिवारी त्या एकमेकींना शब्द द्यायच्या, कधी भांडूनसुद्धा. एकदा सिंधी मुलीने हिला स्टबर्न म्हटलं. कारण विचारलं तर म्हणाली, गणित चुकलं तरी खोडत नाही. आणि हळूहळू वर्गातल्या इतर मुलींनीही त्यांच्याकडे वळून बघायला सुरुवात केली होती. फार नाही, पण केली होती.

संक्रांतीनंतर खेड्यातली मुलगी येईनाशी झाली. ताप आहे असा निरोप आला. आम्हाला वाटलं, उतरेल. सिंधी मुलगी बाकावर तिची जागा सोडून बसायची. रोज सकाळी मला विचारायची, आणि मला काही माहीत नसायचं. मग एके दुपारी मुलीचे वडील शाळेत आले. शिक्षकांच्या खोलीबाहेर पागोटं हातात घेऊन उभे. मी बाहेर गेले तेव्हा त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "बाई, पोर गयी." मुदतीचा ताप होता. गाडी जुंपून दवाखान्यात आणायची तयारी केली होती, तेवढ्यात गेली. त्यांना शाळेत काहीच काम नव्हतं. कळवायला हवं, एवढ्यासाठी ते तेवढे चालत आले होते.

वर्गात मी कसं सांगितलं ते मला आठवत नाही. मुली रडल्या. जिने सिंधी मुलीला डर्टी हा शब्द पहिल्यांदा लावला होता, तीही रडली. सिंधी मुलगी रडली नाही. शाळा सुटल्यावर ती माझ्या मागेमागे मावशीच्या घरापर्यंत आली आणि म्हणाली, मला तिच्या घरी जायचं आहे.

मी तिच्या आईला विचारायला गेले. दोन खोल्यांचं बिऱ्हाड, आई भिंतीला टेकून पापड लाटत होती. मला वाटलं होतं, ती नको म्हणेल. तिने लाटणं बाजूला ठेवलं. मग मुलीला सिंधीत काहीतरी सांगितलं. काय म्हणाली ते मी मुलीला वाटेत विचारलं. तिने हिंदीत सांगितलं, "उसकी माँ के पास बैठना. कुछ बोलना ना आए तो भी बैठना।"

रविवारी आम्ही बैलगाडीने गेलो. ओसरीवर माणसं होती. गेलेल्या मुलीची आई आत होती, कुणाशी बोलत नव्हती. नातलग बायका म्हणाल्या की तिने दोन घास खाल्ले ते कधी, कुणाला आठवत नाही. सिंधी मुलगी जाऊन तिच्या शेजारी बसली, गुडघ्याला गुडघा लागेल अशी. मी दारापाशी बसले. मग मी शाळेतली बाई हे कळून आईने आपल्या पोरीबद्दल विचारलं, "बाई, मनी पोर शाळामा कशी व्हती?"

अशा वेळी शिक्षकांना जे बोलता येतं ते मी बोलायला लागले, हुशार होती, गुणी होती. आई ऐकत होती, पण ते तिच्यापर्यंत जात नव्हतं. तेवढ्यात सिंधी मुलगी म्हणाली, "ब्रेव्ह."

आईने तिच्याकडे पाहिलं. "काय म्हणस ती?"

मी सांगितलं, धीट होती म्हणते. का, असं मी मुलीला विचारलं, शनिवारी विचारायची तसंच. तिने माठाची आणि फुलपात्राची गोष्ट सांगितली, अर्धी हिंदीत, अर्धी हातवारे करून. मी ती मला येईल तशा अहिराणीत आईला सांगितली. आईला हे माहीत नव्हतं. तिच्या मुलीने घरी सांगितलंच नव्हतं.

मग सिंधी मुलगी एकेक शब्द काढत गेली. काइंड. स्लो, कारण डबा खायला तिला सगळी सुट्टी लागायची. "हौ," आई म्हणाली, "सावकाश खाये." आणि तिच्या तोंडावर काहीतरी हललं. स्टबर्न म्हटल्यावर आणि चुकलेलं गणित न खोडण्याची गोष्ट सांगितल्यावर तिने ओसरीवरच्या नवऱ्याला हाक मारली, ऐका म्हणून. तोही आत येऊन उभा राहिला.

शेवटी मुलगी म्हणाली, "लोन्ली."

मी थांबले. जिची मुलगी गेली त्या बाईला मी हे कशाला सांगू, असं माझ्या मनात आलं. पण आई माझ्याकडे बघत होती, आणि एक शब्द गाळला हे तिला कळलं असतं. मी सांगितलं, "एकली व्हती म्हणस, पहिल्या दिवसेसमा."

आईचा चेहरा पडला. तिने मुलीचं मनगट धरलं. "मंग?"

हा शब्द मुलीला कसा कळला कोण जाणे. ती म्हणाली, "देन नॉट." आणि मग तिला रडू आलं. छावणीपासूनचं सगळं एकदम यावं तसं. आईने तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि ती स्वतःही रडली. बाहेरच्या बायका आत आल्या. कुणीतरी पिठलं-भाकरी आणली आणि मुलीला खाऊ घालता घालता आईनेही घास घेतला.

यानंतर मी शनिवारचा तास चालू ठेवायचा प्रयत्न केला, पण तो पूर्वीसारखा झाला नाही. मुलींना शब्द द्यायची भीती वाटायला लागली होती. मी पुन्हा व्याकरणावर आले, गुड, बेटर, बेस्ट. उन्हाळ्यात सिंधी मुलीच्या वडिलांना जळगावात नातेवाइकांनी दुकानात भागीदारी दिली आणि ते कुटुंब गेलं. निरोप घ्यायला ती आली होती, तेव्हा मी गावी होते. मावशीने सांगितलं, मुलगी जिन्यात थोडा वेळ बसली आणि गेली.

पावसाळ्यात शाळा उघडल्यावर खेड्यातली ती आई बाजाराच्या दिवशी शाळेत आली. ती सिंध्यांची पोर कुठे आहे, असं तिने विचारलं. ते जळगावला गेले, असं मी सांगितलं. हातात शेंगांचं गाठोडं होतं, ते तिने माझ्या टेबलावर ठेवलं. मी म्हटलं, "अक्का, बसा जरा." माझा आठवीचा तास होता. ती वर्गात मागच्या बाकावर बसली, पदर सावरून, आणि नव्या मुली मोठ्याने विशेषणं म्हणत होत्या ती ऐकत राहिली.

त्या वर्षी ती अधूनमधून येत राहिली. मुख्याध्यापिकाबाईंनी एकदा मला विचारलं, ही कोण. मी सांगितलं, पालक आहे. तास संपला की ती उठायची, मला हात जोडायची आणि बाजाराकडे जायची. कापूस वेचणीला आला तसं तिचं येणं कमी झालं, आणि मग ती आली नाही.