कोपऱ्यातली तूर

फोन आला तेव्हा मैदानात परिपाठ चालू होता. प्रज्ञाचे यजमान राहुलभाऊ बोलत होते. "गेली बाई... पहाटेच गेली," एवढं म्हणून त्यांनी फोन दुसऱ्या कुणाच्या हातात दिला. समोर सातवीतली एक मुलगी चाचरत सुविचार वाचत होती. तिचं वाचून होईपर्यंत मी तशीच उभी राहिले. प्रज्ञा माझी वीसेक वर्षांची मैत्रीण. चामोर्शीजवळच्या आमच्या शाळेत ती गणित शिकवायची आणि मी मराठी. रडू नंतर आलं, खूप आलं. पण डोक्यात पहिल्यांदा आलं ते हे, की आता दहावीचा गणिताचा तास खरंच माझ्या गळ्यात पडला.

आदल्याच रविवारी मूल गावाला बस बदलून मी तिला बघायला चंद्रपूरच्या दवाखान्यात गेले होते. किडन्या थकल्या होत्या, हातावर सुयांच्या खुणा होत्या, पण डोळे तेच, काहीतरी शोधत असलेले. मी सफरचंद कापत होते आणि ती विचारत होती, वर्ग कुठवर आला? ती रजेवर गेल्यापासून तिची दहावी मुख्याध्यापकांनी माझ्याकडे दिली होती. विज्ञानाचे सर दोन शाळा सांभाळत होते आणि माझा तास तेव्हा रिकामा होता, यापलीकडे माझी पात्रता काहीच नव्हती. वर्गसमीकरणं चालू आहेत, मी म्हणाले. सरळ सूत्र पाठ करून घेते, मार्क तरी पडतील.

"सूत्र शिकव, नाई कोण म्हणते? पण आधी अवयव पाडायले लाव. सूत्र विसरलं का पोट्टी नुसती फळ्याकडं पाहत बसते. अवयवात पाठ करायचं कायीच नसते, शोधायचं असते." मग दम घेऊन म्हणाली, "वर्ग सोडू नको बाई... दोघी-तिघी काठावर हायेत."

काठावर म्हणजे काय, हे आम्हा दोघींत सांगावं लागत नव्हतं. आमच्याकडे दहावीला गणितात अडकलेली मुलगी पुढच्या वर्षी शाळेत दिसत नाही, धानाच्या रोवणीला दिसते. या वर्षी त्या काठावर करिश्मा होती. आठवीपासून शेवटच्या बाकावर बसणारी, आकडा दिसला की मान खाली घालणारी. तिच्या आईनं आधीच सांगून ठेवलं होतं, यंदा पास निघाली तर निघाली, नाहीतर घरीच राहील.

प्रज्ञा हुशार होती असं सगळे म्हणतात. मला विचाराल तर ती आधी चौकस होती आणि मग हुशार. कुणी चुकीचं उत्तर दिलं की इतर मास्तरांचा चेहरा पडतो, हिचा खुलायचा. ती नव्यानं रुजू झाली तेव्हाची गोष्ट. तिनं फळ्यावर एक चौरस काढला आणि म्हणाली, ही तुमची बांधी. बांधी म्हणजे आमच्याकडचा चारी बाजूंनी बांध घातलेला धानाचा तुकडा. बाजू किती ते ठाऊक नाही, म्हणून क्ष म्हणू. आता ती एका बाजूनं दोन हात वाढवली आणि दुसऱ्या बाजूनं तीन हात, तर एकूण जागा किती झाली? क्षचा वर्ग, दोन पट्ट्या मिळून पाच क्ष, आणि दोन्ही पट्ट्या मिळतात त्या कोपऱ्यातले सहा. पण सगळ्या वर्गानं चौरस लिहिला, पट्ट्या लिहिल्या आणि सहा सोडून दिले.

मधल्या सुट्टीत ती माझ्यासमोर येऊन बसली. "सगळेच्या सगळे एकच चूक कशी करून राह्यले?"

"कॉपी," मी डबा उघडत म्हणाले.

"कॉपीत येवढं एकमत होत नाई."

तिनं पुन्हा वर्गात जाऊन विचारलं, तेव्हा एका पोरानं सहज सांगितलं, "मॅडम, कोपऱ्यात धान नसते." एवढ्यानं तिचं समाधान होणार नव्हतंच. रविवारी तिनं मला ओढत बांध्यांवर नेलं. धान पिवळं पडत आलेलं, बांधांवर तूर फुललेली. जुना बांध तसाच ठेवून शेजारी नवा तुकडा जोडला की बांधांची गाठ नेमकी कोपऱ्यात येते, आणि तिथे तुरीचं झाड उभं असतं. आमच्या पोरांनी इमानेइतबारे धान मोजलं होतं. तूर धानात धरत नाहीत, म्हणून ती सोडली होती. प्रज्ञा त्या झाडापाशी बराच वेळ उभी होती. माझ्या चपला चिखलात रुतल्या होत्या, मला घरी जायचं होतं, आणि ही बाई तुरीकडे अशी बघत होती की जणू तिनंच ती लावली आहे.

सोमवारी तिनं वर्गाला सांगितलं, तूर पण मोजा. तेव्हापासून वर्गसमीकरणातल्या शेवटच्या संख्येला आमच्या शाळेत तूर म्हणतात. दोन आकडे असे शोधा की बेरीज पट्ट्यांएवढी यावी आणि गुणाकार तुरीएवढा... झाले अवयव. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, शेवटच्या पदाला काय म्हणतात, आणि अख्खा वर्ग एका सुरात "तूर" म्हणाला. साहेब बराच वेळ पुस्तकाची पानं उलटत राहिले.

मलाही तिनं जेवणाच्या सुट्टीत अवयव शिकवले. उणे चिन्ह आलं की समीकरण माझ्या हातावर तुरी देऊन पळायचं आणि ती खुशाल हसत बसायची. मी एकदा वैतागून विचारलं, पण हे सगळं शून्याबरोबरच का मांडायचं? तेव्हा तिनं हातातली पोळी खाली ठेवली. म्हणाली, दोन आकड्यांचा गुणाकार बारा आला तर ते तीन-चार असतील का दोन-सहा, कोणाले ठाऊक. पण गुणाकार शून्य आला तर दोघांतला एक तरी शून्य पाहिजेच. "एकटा शून्यच खरं सांगून टाकते बाई, बाकी सगळे टाळाटाळ करतात." माझं अर्ध्याहून जास्त आयुष्य झालं होतं आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मला त्या दुपारी फार आनंद झाला होता, हे तिला सांगायचं राहून गेलं.

तिच्या पुण्यानुमोदनाचा, श्रद्धांजलीचा कार्यक्रम झाला. नवीन शिक्षक अजून आलेले नाहीत. मी वर्ग सोडला नाही, पण खरं सांगायचं तर रोज घाबरत जाते. मागच्या आठवड्यात मी फळ्यावर क्षचा वर्ग, अधिक पाच क्ष, आणि घाईत उणे सहा लिहिलं. चूक लक्षात आल्यावर उणेचं अधिक केलं, तोवर मागच्या बाकांनी आधीचंच उतरवून घेतलं होतं. पुढून उत्तर आलं, दोन आणि तीन. मी शाबास म्हणणार, तेवढ्यात मागून करिश्माचा हात वर आला. तिचा हात मी पहिल्यांदा पाहिला.

"सहा आन् उणे एक."

चूक, असं माझ्या ओठांवर आलं होतं. मग मी बोटांवर मोजलं. बेरीज पाच, गुणाकार उणे सहा. तिच्याकडच्या समीकरणाला ते चपखल बसत होतं. तुले कसं सुचलं, असं मी तिच्याच बोलीत विचारलं, तर म्हणाली, "एका बाजूनं सहा हात वाढवली मॅडम, दुसऱ्या बाजूची एक हात पुरानं नेली." वर्ग हसला, तीही हसली. मग पुढच्या बाकावरून प्रश्न आला की तूर अधिक धरा नाहीतर उणे, दोन्हीकडून जमतं कसं? सगळ्याच समीकरणांचं असं होतं का? आम्ही पट्ट्यांचे सात आणि तुरीचे बारा घेतले. अधिक धरून तीन-चार मिळाले, उणे धरून काहीच जमेना. सातबारा अडला म्हणून पुन्हा हशा झाला. सात आणि दहाही अडले. मग पाच आणि सहालाच काय लागून गेलंय?

"काऊन असं होते मॅडम?" करिश्मानं विचारलं.

मला ठाऊक नव्हतं. घंटा झाली आणि मी खडू हातात घेऊन भराभर स्टाफरूमकडे निघाले, प्रज्ञाला विचारायला. दारापर्यंत पोचले होते... तिथे थांबले. ती गेल्यापासून इतकी एकटी मी कधीच पडले नव्हते.

परत वर्गात आले, कारण पुढचा तासही माझाच होता, मराठीचा. डस्टर उचललं तर करिश्मा म्हणाली, "पुसू नका मॅडम. उत्तर नाई सापडलं का त्या मॅडम पुसत नव्हत्या." हो, नव्हती पुसत. तिच्यामागून माझा तास असला की मला नेहमी अर्धाच फळा मिळायचा आणि मी कुरकुरायचे. मी डस्टर खाली ठेवलं आणि उरलेल्या भागात कवितेचं शीर्षक लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्ग उघडला तर पाच आणि सहाच्या खाली कुणीतरी दहा आणि चोवीस लिहून ठेवलं होतं. अधिक धरून चार आणि सहा. उणे धरून बारा आणि उणे दोन. मी दोनदा पडताळून पाहिलं, दोन्हीकडून जमत होतं. अक्षर करिश्माचं होतं. तेव्हापासून माझी मराठी अर्ध्या फळ्यावर चालली आहे.