मिस्त्रीमामांनी निवडलेली गल्ली

मिस्त्रीमामा भिंत चाखायचे. बोट ओलं करून ते भिंतीवर, जमिनीपासून वीतभर उंचीला घासायचे आणि जिभेला लावायचे. पहिल्यांदा पाहणारे हसायचे, मामा हसू द्यायचे. मग शांतपणे सांगायचे की भिंतीत लोणा, म्हणजे जमिनीतला खार, चढतो आहे, रंग कितीही द्या, दोन वर्षांत पोपडे धरतील. आणि धरायचेच.

ते माझ्या आईचे चुलतभाऊ. भंडाऱ्यासमोर, वैनगंगेच्या काठावरचं कारधा हे त्यांचं गाव. घरचा धंदा मासेमारीचा, पण यांनी तरुणपणीच जाळं भावाकडे सोपवून गवंड्याची थापी धरली. तिथून जवळच्या शहापूरचं आमचं घर त्यांनीच बांधलं. मिस्त्री आसपास पुष्कळ होते, पण जागा घेण्याआधी लोक बोलवायचे ते यांनाच. घरमालक दार उघडून उभा असायचा आणि मामा त्याच्याकडे पाठ करून गल्लीतल्या माणसांशी गप्पा मारत बसलेले असायचे. "वाईट घर मी दोन महिन्यांत सुधरवतो," ते म्हणायचे. "वाईट मोहल्ला कोन सुधरवन?"

मी नर्स आहे. नागपूरला शिकताना अनिलची ओळख झाली. तो अंदमानात जन्मलेला, तिथेच वाढलेला. लग्नानंतर मीही तिकडे गेले, बेटावरच्या दवाखान्यात नोकरी धरली. चार वर्षं भाड्याच्या खोल्यांत काढल्यावर आम्ही एखादं जुनं घर घेऊन दुरुस्त करायचं ठरवलं. शहरात दोन घरं आमच्या आवाक्यातली होती. एक अगदी समुद्रालगत, दुसरं टेकडीच्या उतारावर, टिनाच्या छपराचं, वाळवीनं पोखरलेलं. माझं मन पहिल्यावर बसलं होतं. आईनं फोनवर सांगितलं, मामानं पाहिल्याशिवाय सही करू नको. मला ती गंमत वाटली. महिन्याभरात मामा खरोखरच विमानतळाच्या दारातून बाहेर आले. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसले होते, पण तक्रार एवढीच की भिंत सरळ आहे का ते पाहायचा ओळंबा हातात ठेवू दिला नाही, सामानात टाकायला लावला.

समुद्रालगतच्या घरी गेलो, तर त्यांनी समुद्राकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि समुद्रही ते पहिल्यांदाच पाहणार होते. सवयीप्रमाणे आधी गल्ली. दोन्ही बाजूंच्या दारांना कुलपं होती. ती घरं पर्यटकांना खोल्या देण्यासाठी घेतलेली, मालक दुसऱ्या बेटावर. मग त्यांनी भिंतीला बोट लावलं, चाखलं आणि थुंकले. म्हणाले, "ह्या घराले समुद्र खाऊन राहिला."

निकाल मात्र त्यांनी लगेच दिला नाही. तीन दिवस ते टेकडीखालच्या चहाच्या टपरीवर बसून राहिले. त्या उताराच्या गल्लीत बंगाली, तमिळ, रांचीकडची अशी सगळी घरं. बेटावर सगळे हिंदीच बोलतात आणि मामांची भंडाऱ्याची हिंदी त्यांना छान कळायची. पाणी दिवसाआड यायचं. पाणी आलं की कामावर गेलेल्यांची पिंपं शेजारचे भरून ठेवतात, हे मामांनी तिथे बसून पाहिलं. कोपऱ्यावर राहणाऱ्या बंगाली आजींनी, ज्यांना सगळे दीदीमा म्हणतात, मामांना तुम्ही कोणाचे म्हणून विचारलं आणि जेवायलाच बसवलं. तिसऱ्या दुपारी पाऊस कोसळला. लोक आडोशाला धावले आणि मामा छत्री घेऊन बाहेर. आधी उतारावरची गल्ली पाहिली, मग खाली समुद्राकडची. वर पाणी दहा मिनिटांत वाहून गेलं होतं. खाली भरतीमुळे नाल्यांतलं पाणी उलटं येऊन दारांशी थांबलं होतं.

त्या संध्याकाळी मी त्यांच्याशी भांडले. म्हटलं, मामा, मी घरापासून इतक्या लांब आले, निदान खिडकीतून समुद्र तरी दिसू दे. तुम्ही दोन महिन्यांत निघून जाल, राहायचं मला आहे. मामांनी मला पुरतं बोलू दिलं. मग त्यांनी जे सांगितलं, ते सगळं आईलासुद्धा ठाऊक नव्हतं.

"मले बी खिडकीतून नदी दिसाले पाह्यजे होती, बाई. लहानपन तिच्यात गेलं माहं. तुही मामी नाही म्हने, वरच्या आळीत बांधू म्हने. म्या आयकलं नाही. मोठा पूर आला, घर गेलं. घराचं काही नाही, दुसरं बांधलं. पन पाऊस लागला का तुही मामी अजूनबी झोपत नाही. उशाशी कागदांची पिशवी घेऊन बसून राह्यते. थे काही मले सुधरवता आलं नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही उतारावरचं घर पक्कं केलं.

दुरुस्तीला सात आठवडे लागले. मामांनी वाळवी लागलेले वासे उतरवून जाळले, पायापासून भिंती उकरल्या. तिथल्या एका गवंड्यानं किनाऱ्यावरची रेती आणली होती. ती त्यांनी परत पाठवली आणि त्याला शेजारी बसवून, सिमेंटमध्ये खार गेला की आतली सळई कशी गंजते ते समजावलं. तो गवंडी पुढे त्यांना उस्ताद म्हणू लागला. विटांची जोडाई मनासारखी झाली की मामा दोन पावलं मागे येत, मान तिरपी करत आणि "बराबर" एवढंच म्हणत. मी काही म्हणाले नव्हते, तरी एके दिवशी कामावरून आले तर स्वयंपाकघराच्या पश्चिमेच्या भिंतीत त्यांनी हातभर खिडकी पाडली होती. सुपारीच्या दोन झाडांमधून तळहाताएवढा समुद्र दिसत होता. मी वळून पाहिलं, तर मामा चौकटीचा कोन तपासण्यात गुंतले होते.

निघायच्या दिवशी गल्लीतली अर्धी माणसं त्यांना निरोप द्यायला आली. दीदीमांनी नारळाचे लाडू बांधून दिले. मामा प्रत्येकाला सांगत होते, आमची पोरगी आहे, लक्ष ठेवा. मला मात्र एवढंच म्हणाले, "आता घर तुहं. मोहल्ला सांभाळजो."

गेल्या वर्षी मामा गेले. कारध्यातच, एका घराची जोडाई तपासून आले, पाणी मागितलं आणि आडवे झाले ते उठलेच नाहीत. वादळी हवामानामुळे त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही विमानं बंद होती. मी जाऊ शकले नाही. बातमी मी फक्त शेजारणीला सांगितली होती. तासाभरात तो गवंडी आला आणि ओट्यावर डोकं धरून बसला. तमिळ शेजाऱ्यांनी, या घरात आल्यावर झालेल्या माझ्या लहान मुलीला आपल्याकडे नेलं. दीदीमांना गुडघ्यांमुळे चढवत नाही, तरी त्या चढून आल्या, आणि मला जवळ घेऊन त्यांच्या भाषेत काहीतरी बोलत राहिल्या. मला ते कळलं नाही, पण मी रडू शकले.

त्या दिवशी आमच्या घरी चूल पेटली नाही. दुपारपर्यंत पाच घरांतून भात आला होता.