‘वानखड्यांची मोठी’ आणि आम्ही सगळे

शूटिंग संपलं की सामान ट्रकमध्ये भरून जातं, गोष्टी मात्र इथंच राहतात. ‘वानखड्यांची मोठी’ ही आमची मालिका संपून दोन वर्षं झाली. तरी अमरावतीत आम्ही जुने लोक चहाला जमलो की कोणीतरी ‘सर, तो किस्सा...’ म्हणून सुरू करतो आणि चहाचे तीन राऊंड होतात. संत्र्याची तोड झाली की मोठा माल पेट्यांतून बाहेरगावी जातो आणि बारका माल ढिगात राहतो. घरची माणसं तो बारकाच खातात आणि तोच गोड म्हणून शपथा घेतात. आमचं तसंच आहे. टीव्हीवर गेलं ते लोकांचं, उरलं ते आमचं.

ज्यांनी मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. शेंदूरजनाघाटचे संत्रा बागायतदार वानखडे. बायको वारलेली. थोरला मुलगा प्रभाकर पुण्याला जातो आणि सात वर्षांनी प्रभा होऊन, साडी नेसून, बॅग घेऊन दारात उभी राहते. एवढीच गोष्ट. बापाला कळत नाही, भावाला लाज वाटते, गावाला मजा वाटते आणि साठ भागांत सगळे हळूहळू शहाणे होतात.

मी त्यात ‘भाषा’ होतो. म्हणजे असं, की तीस वर्षं शाळेत मुलांची वऱ्हाडी सुधारून प्रमाण मराठी केली आणि निवृत्तीनंतर पुण्या-मुंबईच्या नटांची प्रमाण मराठी बिघडवून वऱ्हाडी करायचं काम मिळालं. देव असा न्याय करतो!

*

पहिल्या वाचनाचा किस्सा. आमचा दिग्दर्शक तन्मय पुण्याचा. हुशार, मऊ बोलणारा, प्रत्येक वाक्याला ‘प्लीज’ लावणारा. पहिल्या भागात सगळा तमाशा होऊन गेल्यावर बाप प्रभाला म्हणतो, ‘‘जेव न आता. मरतं काय उपाशी?’’

तन्मय अडला. सात वर्षांनी घरी आलेल्या लेकीशी बाप असं बोलतो? फार तुसडं वाटतं, प्रेक्षक दुखावतील, आपण हे जरा मऊ करू या, असं त्याचं म्हणणं. मी त्याला समजावलं, की बाबा रे, अख्ख्या संहितेत हेच वाक्य सगळ्यात लाडाचं आहे. याहून मऊ बोललास तर इथले लोक समजतील बापाला ताप आलाय.

तो ऐकेना. तेव्हा कोपऱ्यात बसलेली मीरा पहिल्यांदा बोलली. ‘‘माही आई याच्यापेक्षा लाडाचं बोले,’’ ती म्हणाली. ‘‘आता बोलतच नाही.’’

वाक्य राहिलं. तन्मयनं पान उलटलं.

मीरा म्हणजे आमची प्रभा. स्वतः ट्रान्स मुलगी, अकोल्याच्या जुन्या शहरातली. आईचं तिथं हाराफुलांचं छोटं दुकान. शूटिंगच्या सहा वर्षं आधी मीरानं घरी सगळं सांगितलं तेव्हा आई एवढंच म्हणाली, की माझ्यासमोर येऊ नको. मीरा निघून गेली आणि तिनं ठरवून टाकलं, की आई बोलावेल तेव्हाच घराकडची मोर्णा नदी ओलांडायची. पण दर रविवारी ती फोन करायची. आई उचलायची, मीरा आठवडाभराचं सांगायची, आई ऐकायची आणि न बोलता ठेवून द्यायची. पाच-सात मिनिटं. आम्ही हळहळलो की मीरा म्हणायची, उचलते तर खरं. रविवारी दुपारी तिला कोणी कामाला लावायचं नाही, हा युनिटचा न लिहिलेला नियम होता.

*

आता कुसुमताई. शूटिंगसाठी शेंदूरजनाघाटात घर घेतलं होतं ते यांचं. चार खोल्या, पुढं मोठं अंगण, मागं संत्र्याची बाग. आम्ही दिवसभर घर वापरायचं आणि त्यांनी मागच्या स्वयंपाकघरात आपलं काम करायचं, असं ठरलेलं.

पहिला मोठा प्रसंग दारातला. बाप दार अडवून उभा, प्रभा अंगणात. एप्रिलचं ऊन. काही ना काही चुकत होतं. कधी कुत्रं येई, कधी ट्रॅक्टर. सहा टेक झाले. मीरा दर वेळी तशीच बॅग घेऊन उन्हात.

सातव्या टेकला कुसुमताई पाण्याचा लोटा घेऊन थेट कॅमेऱ्यासमोरून चालत गेल्या. बापाला कोपरानं बाजूला केलं, मीराला हाताला धरून आत ओढलं आणि ओसरीवर बसवून पाणी पाजलं. तन्मय धावत आला. ताई, प्लीज, गोष्टीत बाप तिला आत घेत नाही, म्हणाला.

‘‘तो कोन आला न घेनारा?’’ कुसुमताई म्हणाल्या. ‘‘घर माह्या नावावर हाये.’’

कॅमेरा चालूच होता. तन्मय येईपर्यंतचा तो टेक जसाच्या तसा गेला आणि शेजारच्या काकूचं काम कायमचं कुसुमताईंकडे आलं. त्यासाठी मुंबईहून नेमलेल्या बाई आल्याच नाहीत. कुसुमताईंना संवाद लिहून द्यायची माझी हिंमत शेवटपर्यंत झाली नाही.

*

बापाचं काम करणारे मोर्शीचे वकीलसाहेब. तरुणपणापासून नाटकवेडे, दिवसा कोर्ट, बाकी वेळ तालीम. ते संवाद पाठ करायचे नाहीत, आधी त्यांची उलटतपासणी घ्यायचे. ‘ही माझी लेक नाही’ असं म्हणायचं होतं तर त्यांनी लेखकाला दीड तास फोनवर धरलं. नाही म्हणायला कारण काय? सात वर्षांत पत्र आलं होतं का? मालिकेतल्या बापाची बाजू त्यांनी इतक्या जीव तोडून मांडली, की लेखक शेवटी म्हणाला, तुम्हीच जिंकलात, आता वाक्य म्हणा.

मालिका सुरू झाली आणि पंचाईत झाली. वीस भाग हा माणूस लेकीला लेक म्हणत नाही, आणि रोज सकाळी काळा कोट घालून मोर्शीच्या कोर्टात उभा! एक म्हातारी पक्षकार बाकावरून उठली आणि भर व्हरांड्यात हात जोडून म्हणाली, ‘‘वकीलसायेब, माही तारीख राहू द्या. आधी पोरीले घरात घ्या, मंग पाहू.’’ आणि खरंच दुसऱ्या वकिलाकडे गेली.

साहेब संध्याकाळी सेटवर आले ते थेट तन्मयकडे. बापाचं मन कितव्या भागात वितळतं? चाळिसाव्या. ‘‘तिसाव्यात वितळवा,’’ साहेब म्हणाले. ‘‘तोवर मले कोनी वकीलपत्र देत नाही.’’

छत्तिसाव्यावर तडजोड झाली.

*

एक माझ्या अंगावर आलेला किस्सा लपवत नाही. आमचा लाइटवाला संजू. तीन महिने माझ्याकडे गालात हसत पाहायचा. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर म्हणाला, ‘‘सर, सहावी ब. मी ‘मले’ म्हनलं म्हनून तुमी मले बाकावर उभं केलं होतं. आता तुमी दिवसभर तेच शिकवून राहिले.’’

बाक नव्हता, पण लाइटची लाकडी पेटी होती. मी मुकाट्यानं तिच्यावर उभा राहिलो. वकीलसाहेबांनी शिक्षा पाच मिनिटांवर आणली. संजूनं खाली उतरायला हात दिला तेव्हा मात्र मला खरंच वाईट वाटलं, आणि मी ते त्याला तसं सांगितलं.

*

भिंतीवर प्रभाचा लहानपणीचा फोटो लागणार होता. मीराकडे एकही नव्हता. सगळे आईकडे. कलाविभागानं घाईत कुसुमताईंच्या मुलाचा शाळेतला फोटो घेऊन लावला. कुसुमताईंनी आनंदानं दिला होता.

मुलगा नागपूरला बँकेत. फोटो टीव्हीवर दिसला आणि त्याला फोन सुरू झाले. शाळेतले मित्र गंभीर आवाजात सांगत होते, की आम्ही तुझ्यासोबत आहोत. एकानं तर माफी मागितली, की आम्ही तुला तेव्हा समजून घेतलं नाही. त्यानं वैतागून आईला फोन केला. कुसुमताई शांतपणे म्हणाल्या, ‘‘दोस्त चांगले निंघाले न तुहे? बिना फोटोनं समजलं असतं का?’’

पण या किश्श्याला एक मागची बाजू आहे. तन्मयनं मीराला न सांगता तिच्या आईला फोन केला होता, लहानपणीचा एखादा फोटो मिळेल का म्हणून. आई म्हणाली, ‘‘फोटो हायेत. देत नाही.’’ आणि ठेवून दिला. तन्मयला वाटलं आपण फार मोठी चूक केली. त्यानं जाऊन मीरासमोर कबुली दिली.

मीरा दिवसभर खुशीत. गाणं गुणगुणत फिरत होती. आम्हाला कळेना. शेवटी मी विचारलं, तर म्हणाली, ‘‘सर, ठेवलेत म्हनजे.’’

*

तिसाव्या भागाच्या सुमारास प्रभासाठी वरूडहून स्थळ आलं. थट्टा नाही, खरं स्थळ. संत्र्याचे व्यापारी, मुलाचे आई-वडील आणि मामा, पेढ्यांचा डबा घेऊन. मीरानं त्यांना बसवलं आणि स्पष्ट सांगितलं, की मी मालिकेपुरतीच तशी नाही, खरीच तशी आहे. मुलाची आई म्हणाली, ते आम्हाला माहीत आहे, रोज पाहतो, पोरगी सोसणारी आहे, आणि आमच्या पोराला सगळं सांगूनच आलो.

मग अडचण काय म्हणून वकीलसाहेब मध्ये पडले. मामांनी घसा खाकरला. ‘‘उंचीत बसत नाही,’’ ते म्हणाले. ‘‘आज प्रत्यक्ष पायलं. आमचा पोरगा खांद्याले लागते.’’

फार खिन्न होऊन गेले बिचारे. पेढे ठेवून गेले. मीरा हसता हसता खुर्चीवरून पडायची राहिली आणि मग डोळे पुसत म्हणाली, की आयुष्यात पहिल्यांदा मला उंचीसाठी नाकारलं.

*

आता शेवटचा. हा नेहमी शेवटीच सांगतात, कारण यानंतर कोणी दुसरा सुरू करत नाही.

भुलाबाईचा भाग होता. आमच्याकडे भाद्रपदाच्या पुनवेपासून महिनाभर पोरी घरोघरी भुलाबाईची, म्हणजे पार्वतीची मूर्ती मांडून तिची गाणी म्हणतात. गाणी झाली की घरची बाई खाऊचा बंद डबा आणते आणि वाजवते. पोरींनी आवाजावरून आत काय आहे ते ओळखायचं. ओळखलं की डबा उघडतो, खाऊ वाटला जातो आणि पोरी पुढच्या घरी जातात. हा खेळ फक्त मुलींचा. मुलं दाराबाहेर. मालिकेत प्रभा पहिल्यांदा त्या रिंगणात बसते आणि कुसुमकाकू तिच्यासमोर डबा वाजवते, असा प्रसंग.

मखराला हार हवे होते. मी परस्पर अकोल्याला, मीराच्या आईच्या दुकानात फोन लावला. शेंदूरजनाघाटला भुलाबाईसाठी शेवंतीचे हार पाहिजेत, बसमध्ये ठेवून द्या, म्हटलं. नाव सांगितलं नाही, मालिकेचं तर मुळीच नाही. पलीकडून गावाचं नाव पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग, ‘‘किती?’’ तन्मयनं मला विचारलं, वरूडला फुलं मिळत नाहीत का? मी म्हटलं, अकोल्याची शेवंती चांगली असते. तो पुण्याचा, त्याला पटलं.

शूटिंगच्या दिवशी दुपारी फुलांची टोपली आली, आणि टोपलीबरोबर बाई आली. दोन बस बदलून. बारीक चणीची, हिरवं लुगडं, खांद्याला पिशवी. कोणाला काही न विचारता सरळ अंगणात शिरली, मखराला हार बांधले आणि भिंतीला टेकून बसली. कुठलं दार कुठं उघडतं हे तिला ठाऊक होतं. मालिका रोज पाहत असणार, हे माझ्या डोक्यात तेव्हा आलं.

मीरा मेकअप करून बाहेर आली, आईला पाहिलं आणि जागीच थांबली. आईनं मान वळवली नाही. तन्मयला काहीच माहीत नव्हतं, त्यानं ॲक्शन म्हटलं.

अंगणात वीस पोरी. गाणी झाली, कुसुमताईंनी डबा वाजवला. मीराला ‘करंजी’ म्हणायचं होतं. तोंडातून शब्द निघेना. दुसरा टेक, तिसरा टेक, तेच. हा उद्योग आपण का केला, पोरीला अजून एकदा तोडायला का, असं मला झालं. तन्मयनं चहाची सुट्टी दिली. पोरी मात्र रिंगणातच बसून राहिल्या.

तेव्हा आई उठली. पिशवीतून स्टीलचा डबा काढला, फडक्यात बांधलेला. रिंगणात गेली, मीरासमोर बसली आणि तिच्या कानाशी डबा हलवला.

‘‘सांग,’’ आई म्हणाली. ‘‘काय हाये यात?’’

मीरा तिच्याकडे पाहतच राहिली. मग हलकेच म्हणाली, ‘‘शेव?’’

‘‘नाही.’’

‘‘चकली?’’

‘‘नाही.’’

‘‘शंकरपाळे?’’

‘‘नाही. सांग अजून.’’

मीरानं अनारसा म्हटलं, चिवडा म्हटलं, करंजी म्हटलं, तिळाची वडी म्हटलं. लहान मुलीसारखी सरसावून बसली आणि एकेक नाव घेत गेली. आई प्रत्येक वेळी डबा हलवायची, मान हलवायची आणि म्हणायची, सांग अजून. चहा गार झाला. कॅमेरा बंद होता. ऊन अंगणातून भिंतीवर गेलं, कोणी जागचं हललं नाही आणि तन्मयनंही कोणाला उठवलं नाही.

डब्यात शंकरपाळेच होते. नंतर मला दोन मिळाले.