लिफ्टशेजारची अकरा टेबलं

बारकी दुपारी वेळेवर जेवली असेल का, हा घोर तिच्या एकोणतिसाव्या वर्षीही माझी पाठ सोडत नाही. या आठवड्यात त्याच्या जोडीला आणखी एक येऊन बसला: तिचा स्वतःचा धंदा टिकेल का?

बारकी माझी धाकटी मुलगी. ऑफिसांमधले कॉम्प्युटर जोडणाऱ्या केबल टाकते. अंगाने काटकुळी, त्यामुळे फॉल्स सीलिंगच्या वर सरपटत जाणं तिला जमतं. गुडघे मात्र कायम खरचटलेले. एवढं शिकून हे काय काम, असं नातेवाईक विचारतात. मीही विचारलं होतं. तेव्हा तिने ओट्यावर एक केबल सोलून दाखवली. आत आठ बारीक तारा, दोन-दोन एकमेकींना पिळलेल्या. या पिळामुळे बाहेरच्या विजेची खरखर आत शिरत नाही म्हणाली. लोक टोकाला जोडताना तो आळसाने भसाभस उलगडतात आणि मग कॉम्प्युटरला नावं ठेवतात. ती नखभरच उलगडते.

सहा वर्षं एका ठेकेदाराकडे काढून तिने नुकतंच स्वतःचं काम सुरू केलं. पहिलंच मोठं काम एका वकीलबाईंच्या ऑफिसचं, अकरा टेबलांचं. केबल कुठली निवडायची यावर आमच्याकडे दोन संध्याकाळी खल झाला. एक साधी तांब्याची. दुसरी तशीच, पण आत चंदेरी वर्खासारखं वेष्टन असलेली. ती साधीकडे झुकत होती. मीच म्हटलं, पहिल्याच कामात कुणी बोट ठेवायला नको, वेष्टनवाली घे.

"आई, तुझं चाललं तर तू तारेलाही स्वेटर घालशील," ती म्हणाली. पण घेतली वेष्टनवालीच.

त्या ऑफिसची एक भिंत लिफ्टच्या मोटरला लागून आहे. वेष्टनाने झेललेली खरखर जमिनीत सोडायला चांगलं अर्थिंग लागतं. त्या जुन्या इमारतीतलं अर्थिंग नावापुरतंच होतं, आणि ते आधी तपासायचं बारकीकडून राहून गेलं. लिफ्ट हलली की भिंतीकडच्या चार टेबलांचं नेटवर्क तुटायचं. वकीलबाईंनी चार दिवस कळ काढली, मग निरोप धाडला: सोमवारपर्यंत नीट करा, नाहीतर दुसरं कुणी बघू.

बारकी घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मला अशा वेळी हात बांधून बसता येत नाही. तिला न सांगता मी जुन्या ठेकेदाराला फोन केला, पोरीला परत घ्या म्हणून गळ घातली. माणूस भला आहे. सोमवारी पाठवा, जागा ठेवतो, म्हणाला.

आज शनिवार. ती डबा विसरून गेली, म्हणून मी तो घेऊन त्या ऑफिसात पोचले. बारकी शिडीवर होती, वकीलबाई खाली उभ्या.

"निवडताना माझीच चूक झाली," बारकी त्यांना सांगत होती. "इथे साधी केबल पुरे होती. या चार टेबलांच्या केबलच्या ओळी काढते आणि साध्या टाकते, मोटरपासून लांब, खिडकीकडून फिरवून."

माझं नावही काढलं नाही.

"चूक कबूल करणारे आमच्याकडे क्वचितच येतात," वकीलबाई म्हणाल्या. "करा."

तासाभरात एक ओळ टाकून झाली. ती तपासायला लिफ्ट हलती हवी होती, आणि मोकळी मीच होते. सात मजले वर, सात मजले खाली, मी डबा पोटाशी धरून फेऱ्या मारत होते. दर वेळी दार उघडलं की समोर बारकी अंगठा दाखवायची: चालू आहे. चौथ्या फेरीला तिने डबा माझ्या हातातून काढून घेतला. नवव्या फेरीला दार उघडलं, तर ती शिडीच्या पायरीवर बसून जेवत होती, एक डोळा कॉम्प्युटरवर. अंगठा खरकटा होता, तरी दाखवला.

उरलेल्या तीन ओळी ती उद्या टाकणार आहे. लिफ्टसाठी मला बोलावलंय. पण त्याआधी, सकाळी उठल्या उठल्या, ठेकेदारांना फोन करायचा आहे. ती जागा दुसऱ्या कुणाला द्या म्हणून.