पाटलाची मिशी आणि माझं जातं

निजामाच्या राज्यातली गोष्ट. सेनगावकडच्या आमच्या गावात विहिरीचा काठ ढासळला होता. पाणी शेंदताना बायांचे पाय घसरायचे. पाटलाला सांगून सगळे थकले. मी नवी सून, पाटलापुढं तोंड उघडायची सोय नव्हती. पण जात्यावर कोण अडवणार? दळता दळता मी ओवी जोडली:

पाटलाच्या मिशीला तूप लागे रोज बाई,
विहिरीच्या काठाला एक दगूड बी न्हाई.

सासूबाई डाफरल्या, "काहून घर बुडवून राहिली गं?" पण ओवी घरोघरी गेली, आणि एका सकाळी खुद्द पाटलीणबाईच दळणाच्या नादात ती गाऊ लागल्या. पाटील म्हणे मिशीवरचा हात तसाच ठेवून ऐकत राहिले. आठवड्यात काठ बांधून झाला. सासऱ्यांकडं निरोप आला, "सूनबाईला म्हणावं, आता मिशी सोडा."

मग बाया दळणाचं निमित्त करून माझ्याकडं गाऱ्हाणी आणू लागल्या. माझ्या गळ्याला कायमचं काम लागलं. सासूबाई तेवढ्या फुगून होत्या. एक दिवस त्याही जात्याशी येऊन बसल्या, मागंपुढं पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "एक तुझ्या सासऱ्यावर बी कर."