आत्याची बारी

गावाहून आत्याच्या शेजारच्या शांतावहिनींचा फोन आला तेव्हा मी नगरच्या घरी डबा भरत होते. "करुणाआत्या गेल्या गं. काय तरास न्हाई झाला. पाळकांनी उशाशी बसून प्रार्थना केली, अन् मंगच डोळं मिटलं." मी रडले, रडणारच, पण त्याआधी माझ्या तोंडून चांगला मोठा 'हुश्श' निघाला. नवरा बघतच राहिला. माणूस गेल्यावर हुश्श कोण म्हणतं? पण आत्याच्या उशाशी पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, होते, आणि एवढी एकच गोष्ट मी तिच्यासाठी देवाकडे कितीतरी वर्षं मागत आले होते...

आमचं गाव शेवगावच्या अलीकडे. ख्रिस्ती घरं मोजकी, चर्चही लहानसं, वर पत्रे. पाळकांचं रविवारचं जेवण पाळीपाळीने एकेका घरी असायचं, त्याला गावात 'बारी' म्हणतात. ज्या घरची बारी, त्या घरात आदल्या दिवसापासून कोंबडीच्या मागे पळापळ. जुने पाळकसाहेब निवृत्त होऊन गेले तेव्हा पुढची बारी नेमकी करुणाआत्याची होती. नवे साहेब लवकरच येतील असं सांगण्यात आलं. ते काही आले नाहीत. महिने गेले, वर्षं गेली. कोणी शेवगावच्या चर्चला जाऊ लागलं, कोणी रविवारी कांद्याला पाणी देऊ लागलं. आत्या मात्र दर रविवारी घंटा वाजवायची, जी चार डोकी येतील त्यांच्यासोबत गीत गायची, बायबल वाचायची, आणि घरी येऊन पाळकांचं ताट वाढून झाकून ठेवायची. आम्ही म्हणायचो, येणारं कोणी नाही, कशाला रांधतेस?

"बारी माझी हाय. जेवू घातल्याबिगर ती फिटती व्हय? अन् मीच सोडली तर पुढच्या घरी जायची कशी?"

दुपार कलली की ते ताट मेंढरंवाला, टेम्पोवाला, जो कोणी रस्त्याने जाताना दिसेल त्याला मिळायचं. गावाला आयताच विषय मिळाला. कुणाचं तहसीलातलं काम रेंगाळलं, कुणाच्या पोराचं लग्न जमेना, की लोक म्हणायचे, "आत्याची बारी झाली बग याची." हे आत्याच्या कानावर जायचं, आणि तीही खो खो हसायची.

एकदा मी सुट्टीला गेले होते. रविवारीच एक माणूस एसटीतून उतरला. पांढरा शर्ट, काळी बॅग, चकचकीत बूट. आणि उभा राहून चर्चकडे बघतोय! आत्या धावलीच. "सलाम साहेब, सलाम!" म्हणत तिने त्याला हाताला धरून घरी आणलं, पाय धुवायला पाणी दिलं, पाटावर बसवलं. तो काही बोलायला गेला की आत्या म्हणे, "आधी जेवन." ताट वाढलं, आम्ही डोळे मिटले. "करा साहेब प्रार्थना." प्रार्थनेऐवजी चाचरत आवाज आला, "मावशी, मी जनावरांच्या औषधाचा हाय. टॉनिक विकतो." मला हसू आवरेना. आत्याही हसली. "असू द्या. वाढलेल्या ताटावरून उठू नगा," म्हणत तिने त्याला पोटभर जेवू घातलं. जाताना बिचाऱ्याने शेळीसाठी एक बाटली ठेवली.

पण संध्याकाळी भांडी घासताना तिचा हात मध्येच थांबला. "त्याची बॅग बगून वाटलं, आला... आला एकदाचा." पदराने तोंड पुसून म्हणाली, "ह्या डोळ्यांनी पाळक दिसतोय का न्हाई, कोन जाने. का मला बिनपाळकाचीच पुरतील?" त्या एका वेळेशिवाय तिला खचलेली मी पाहिली नाही. तिचा मुलगा पुण्याला चल म्हणून मागे लागला होता, तिकडे भलंमोठं चर्च होतं, पाळकही होते. ती हलली नाही. पुढच्या रविवारी चूल पुन्हा पेटली.

आणि यंदा पाळक आले. स्कूटीवरून, पंजाबी ड्रेस घालून. शांतावहिनींनी विचारलं, "साहेब मागून येत्यात का?" ती मुलगी म्हणाली, "साहेब नाहीत. पाळक मीच आहे." लोकांत कुजबुज सुरू झाली. बाईच्या हातून चर्चमधली प्रभुभोजनाची भाकर घ्यायची? सगळे आत्याकडे बघू लागले. वाट तिने पाहिली होती; तिनेच तोंड फिरवलं असतं तर ती पोर आल्या पावली परत गेली असती. आत्याने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मी देवाकडं पाळक मागितला हुता," ती लोकांना म्हणाली, "बाप्याच पायजे असं कुठं म्हनले हुते? चला ताई, भाकरी निवती."

जेवण झालं आणि आत्या बाहेर ओट्यावर येऊन ओरडली, "शांते, पुढच्या रविवारी तुझी बारी गं!" वहिनी सांगतात, त्या दुपारी आत्या ढाराढूर झोपली. रविवारची दुपारची झोप तिला ठाऊकच नव्हती.

बारी गावभर फिरत राहिली. ती पुन्हा आत्याच्या घराशी पोचायच्या आत आत्या गेली. स्नेहाताईंनी, म्हणजे आमच्या पाळकांनी, तिचा दफनविधी केला. सगळं रीतसर, जसं तिला हवं होतं तसं झालं. मुलगा घराची किल्ली वहिनींकडे देऊन पुण्याला गेला. परवाच्या रविवारी त्या घरची बारी होती. ते घर वगळायचं ठरतंय असं वहिनी फोनवर म्हणाल्या, तेव्हा मी म्हटलं, मी येते.

नगरच्या गॅसवर पोळ्या लाटणारी मी. चुलीपुढे डोळे लाल झाले, पहिली भाकरी करपली. ताट वाढलं. उपासना संपल्यावर स्नेहाताई वस्तीवर कुणा आजाऱ्याला बघायला गेल्या होत्या. रस्सा निवला, पुन्हा तापवला. मी ओट्यावर जाऊन रस्ता बघून आले, परत बघून आले. पोटात कावळे ओरडत होते, चिडचिड होत होती. फोन करून खडसावावं असंही मनात आलं. अर्धा तासही झाला नव्हता... आणि आत्या? मी आठवून पाहिलं. रविवारी तिच्या कपाळाला आठी पडलेली मला एकदाही आठवेना.

लांबून स्कूटीचा आवाज आला. मी आत जाऊन तवा पुन्हा चुलीवर टाकला.