मोडलेलं माझं, सुजलेलं सरकारचं

"मोडलंय का सुजलंय?" दारात कुणीही लेकरू घेऊन उभं राहिलं की चाचांचा पहिला सवाल हा. मग आईच्या तोंडाकडं बघत म्हणायचे, "मोडलं असंल तर माझं. सुजलं असंल तर सरकारचं."

सरकार म्हणजे मी! तुळजापूरच्या सरकारी दवाखान्यात मी कंपाउंडर होतो आणि चाचा आमच्या मागच्या गल्लीतले हाडवैद्य. बांबूच्या कामट्या, अंड्याचं पांढरं आणि जुन्या लुगड्याच्या पट्ट्या एवढ्यावर त्यांनी तालुक्यातले किती हातपाय सरळ केले, देव जाणे. असे वैद्य तुम्हीही पाहिले असतील. पण आपल्याला काय येत नाही हे ठाऊक असलेला वैद्य पाहिलाय का? मी तो एकच पाहिला.

तरुणपणी एका लेकराच्या मांडीवरची गाठ ते महिनाभर तेल लावून चोळत राहिले होते. ते लेकरू गेलं. कुणाचं, ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. तेव्हापासून न पडता-झडता आलेल्या सुजेला ते चोळत नसत, फक्त मोजत. सुताचा दोरा सुजेभोवती फिरवायचा, टोकं भिडतील तिथं दोन गाठी मारायच्या आणि तो आईच्या हातात द्यायचा. "आठ दिवसांनी पुन्हा घालून बघ. गाठीला गाठ भिडली न्हाय तर सूज वाढली समज. मग सोलापूरची मोटार धर. माझ्याकडं येऊ नको."

"चाचा, आजच का धाडत नाही?" मी विचारायचो.

"आज धाडलं तर जात्यात का, कंपाउंडर? डोळ्यानं बघितलं तरच जातील."

खरं होतं ते. असल्या लेकरांचे कागद पूर्वी, तालुका हैदराबाद राज्यात होता तेव्हा, हैदराबादला जायचे, आता सोलापूरहून मुंबईला जायला लागले होते. लोकांना दोन्ही गावं सारखीच लांब.

तामलवाडीची पारू नऊ वर्षांची होती. गुडघ्याच्या वर लिंबाएवढी सूज. चाचांनी मोजून दोरा दिला. आई तो डोक्याला लावून घेऊन गेली. तिथंच आमच्या लक्षात यायला हवं होतं.

पुढं एका मंगळवारी पारू आईबरोबर देवीला आलेली मला दिसली. दोरा तिच्या पायात बांधलेला, त्यावर हळदकुंकू. मी मनात हसलो आणि दवाखान्यात निघून गेलो. चाचांना सांगितलंसुद्धा नाही. आजही ते हसू आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

अडीच महिन्यांनी बापानं पोरीला खांद्यावरून आणलं, तेव्हा सूज नारळाएवढी झाली होती. चाचांनी दोरा सोडला. दोन गाठींच्या दोऱ्यात सात गाठी होत्या. दोरा पायात रुतायला लागला की आई नवा तुकडा जोडून तो सैल करत होती.

"माय, ह्यो मोजायचा दोरा व्हता. बांधायचा न्हवता."

"बांधल्यावर पोरीला आठ दिस झोप लागली वो, चाचा. म्हणून तर सोडला न्हाय."

सोलापूरची मोटार रोज त्या बाईच्या दारावरून जात होती.

चाचा स्वतः त्यांच्याबरोबर मुंबईला गेले. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, हाडाचा कॅन्सर आहे, पाय मांडीतून काढावा लागेल. बाप अंगठा द्यायला तयार नव्हता. "लंगडी पोर कोण करून घील?"

"आधी जगू तर दे तिला," चाचा म्हणाले. आणि जन्मभर हाडं जुळवणाऱ्या त्या हातानं त्यांनी बापाचा अंगठा धरून कागदावर टेकवला. परत आल्यावर हे सांगताना ते आपलाच अंगठा लुंगीला पुसत होते.

पारू कुबडी घेऊन परतली, गल्लीभर उड्या मारत फिरली, चाचांची टोपी पळवून गेली. आम्हाला वाटलं, जिंकलो. दिवाळीनंतर तिला खोकला लागला आणि संक्रांतीच्या आत ती गेली. रोग छातीत उतरला होता.

खरं तर चाचा अडकले ते त्यानंतर. तालुकाभर बोभाटा झाला, दोरा होता तोवर पोरगी जिवंत होती. मुंबईला जाताना सोडला म्हणून गेली. कपाळ माझं! बाजारच्या दिवशी त्यांच्या दारात बायांची रांग लागायची. "चाचा, दोरा द्या." द्यावा तर बांधून घरी बसणार, न द्यावा तर दुसऱ्याकडं चोळून घेणार. इकडं आड, तिकडं विहीर. चाचा ओरडायचे, हात जोडायचे. एका बाईनं तर वाळत घातलेल्या त्यांच्या लुंगीचाच दोरा उपसून नेला. आम्ही दोघं हसलो, पण चाचांचे डोळे भरून आले.

शेवटी त्यांनी दोरा द्यायचाच सोडला. मोजून खिशात ठेवायचे आणि आठव्या दिवशी मोटारीनं त्या गावी जाऊन स्वतः पुन्हा मोजायचे. गुडघे गेले होते, तरी जायचे. "म्या लई फसलो, कंपाउंडर," एवढंच म्हणायचे.

चाचा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या कबरीजवळच्या कडुलिंबाला दोरेच दोरे लटकलेत. परवा तिथं एक बाई पदराखालून दोरा काढत होती. कडेवर पोरगी, तिचा एक पाय उघडा. माझ्या तोंडून आपसूक निघालं, "माय, मोडलंय का सुजलंय?"

"सुजलंय वो. पडली-झडली न्हाय."

"मग चल. साडेदहाची सोलापूर मोटार लागलीय. मी येतो संगं."

मी पोरीला उचलून घेतलं आणि निघालो. बाईनं आधी झाडाला दोरा बांधला, मग धावत माझ्यामागं आली. म्हटलं, चाचा, एवढं चालवून घ्या.